‘फाइन, थँक्यू, अँड यू?’च्या पुढचं वाक्य: कोरियन प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला जाताना

कोरियातल्या चौथी-पाचवीच्या कोणत्याही वर्गात शिरून ‘हाऊ आर यू?’ विचारा. वीस-बावीस गळ्यांतून एकाच चालीत उत्तर येईल: ‘आयम फाइन, थँक्यू, अँड यू?’ अंगात ताप असलेला मुलगाही हेच म्हणेल. शब्दार्थ, व्याकरण, परीक्षेची तयारी ही कामं तिथले कोरियन शिक्षक उत्तम करतात. परदेशी शिक्षक ठेवला जातो तो या पाठ केलेल्या ओळीच्या पुढचं वाक्य मुलांच्या तोंडून यावं म्हणून. पुढचं सगळं लिहिताना सरकारी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आहे. खासगी क्लासला तिथे हाग्वॉन म्हणतात. त्यांचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

आधी पासपोर्ट पाहा

इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा म्हणजे ई-२. तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत वाढलेल्या आणि तिथला पासपोर्ट असलेल्या मराठी मुलामुलींना हा रस्ता सरळ आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी वाट अरुंद आहे, पण आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला सेपा हा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीय शिक्षकांना शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून येण्याची तरतूद आहे. त्यासाठी पदवी आणि रीतसर शिक्षक-पात्रता लागते. चार आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही. ही तरतूद शाळांसाठी आहे. एखादा एजंट भारतीय पासपोर्टवर हाग्वॉनची नोकरी लावून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

कोरियन नागरिकाशी लग्न झालेल्यांचा एफ-६ व्हिसा असेल तर कोणत्याही कामाला आडकाठी नसते. उलट डी-२ या विद्यार्थी व्हिसावर परवानगी न काढता शिकवणं बेकायदा आहे. ई-२ वाल्यांनी घरी खासगी शिकवणी घेणंही तसंच. शेजारची आई कितीही प्रेमाने म्हणाली, ‘आठवड्यातून एकदाच या,’ तरी हो म्हणू नका. पकडलं गेल्यावर दंड होतो आणि व्हिसाही जाऊ शकतो.

कागदांत वेळ खातात ते दोन: पदवी प्रमाणपत्राचं अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) आणि पोलीस क्लिअरन्सचं अपोस्टिल. महाराष्ट्रातल्या पदवीवर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल असा क्रम आहे. क्रम चुकला की कागद परत येतो. पोलीस क्लिअरन्स फार आधी काढू नका. सहा महिन्यांपेक्षा जुना असला तर सहसा चालत नाही. शैक्षणिक वर्ष मार्चच्या सुरुवातीला उघडतं आणि दुसरं सत्र ऑगस्टच्या अखेरीस. तेव्हा मार्चसाठीची धावपळ दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली हवी.

करार वाचताना तीन आकडे शोधा. आठवड्याचे तास सरकारी शाळेत साधारण २२ असतात, त्यापुढचे तास जादा पगाराचे. कराराची मुदत १२ महिने हवी, कारण वर्ष पूर्ण झाल्यावरच सुमारे एका महिन्याच्या पगाराइतकी निवृत्ती-रक्कम कायद्याने मिळते. काही हाग्वॉन ११ महिन्यांचा करार पुढे करतात, तो याचसाठी. तिसरा आकडा म्हणजे घर: शाळा घर देते की भाड्यापोटी रक्कम, आणि घर दिलं तर त्यात गादी आणि वॉशिंग मशीन आहे का. पगारातून पेन्शन आणि आरोग्य विम्याचा वाटा कापला जातो आणि तितकाच वाटा मालक भरतो. हे कापून घ्यायची गरज नाही, सगळे पैसे हातात देतो, असं कोणी म्हणालं तर त्यात फायदा त्याचा आहे.

उतरल्यावरचे पहिले दिवस

परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. तीन महिने आहेत म्हणून निवांत राहिलात तर फसाल, कारण इमिग्रेशन कार्यालयाची वेळ हायकोरियाच्या संकेतस्थळावरून आधी घ्यावी लागते आणि मार्च-सप्टेंबरमध्ये ती लवकर मिळत नाही. पोचलात त्याच आठवड्यात वेळ घेऊन ठेवा. या नोंदणीचं कार्ड हातात येईपर्यंत स्वतःच्या नावावर फोनचं कनेक्शन, पूर्ण सोयींचं बँक खातं, ऑनलाइन खरेदी हे सगळं अडतं. पहिला पगार यायलाही महिना लागतो. म्हणून किमान १० लाख वॉन, म्हणजे ढोबळ मानाने ६० हजार रुपये, सोबत ठेवा.

सामानात दोन गोष्टी हव्यातच. एक, शाळेत घालायचे स्वच्छ, बंद, रबरी तळाचे सपाट बूट किंवा सपाता. बाहेरचे बूट दारातल्या कप्प्यात राहतात आणि आतल्या पायताणाला शिल्लेह्वा म्हणतात. मोठ्या मापाचे बूट तिथल्या दुकानांत सहज सापडत नाहीत. दुसरी, भारतीय उपकरणांसाठी प्लगचा जोड. वीज २२० व्होल्टच आहे, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या गोल खाचेत बसत नाही. दोन गोल पिनांचे चार्जर मात्र बसतात.

मोबाइलवर काकाओटॉक, नेव्हर मॅप आणि पापागो हे भाषांतराचं ॲप घ्या. शाळेपासून घरमालकापर्यंत सगळे काकाओवरच निरोप देतात.

शाळेतली माणसं

मुख्याध्यापक म्हणजे क्योजांग, उपमुख्याध्यापक म्हणजे क्योगाम. तुमचं रोजचं काम पडेल ते क्योगामांकडे. रजा, लवकर जाणं, दवाखान्यात जाणं, सगळ्याला त्यांची आधी मंजुरी लागते. शेवटचा तास संपला म्हणून तीन वाजता पिशवी उचलून निघता येत नाही. साडेचार-पावणेपाचपर्यंत जागेवर बसायचं असतं. दिसलं की किंचित वाकून नमस्कार, वस्तू देता-घेताना दोन्ही हात. एवढं केलंत तर भाषा येत नसल्याची बरीच भरपाई होते.

वर्गात तुमच्या सोबत एक कोरियन शिक्षक असतो. कुठे तो फक्त इंग्रजीच घेणारा असतो, कुठे त्या वर्गाचा वर्गशिक्षक. तुमचं वर्ष कसं जाईल हे पगारापेक्षा या माणसावर अवलंबून आहे. पहिल्या आठवड्यात चहा घेताना त्याच्याशी या गोष्टी स्पष्ट करून घ्या:

– तास कोण सुरू करणार आणि पुस्तकाची पानं कोण घेणार?
– खेळाचा नियम मुलांना कळला नाही तर कोरियनमध्ये कधी सांगायचं? लगेच सांगितलं तर मुलं तुमचं इंग्रजी ऐकणंच सोडून देतात.
– गोंधळ घालणाऱ्याला कोण आवरणार?
– तासाची तयारी कोणत्या दिवसापर्यंत पाठवायची?

शिस्तीचं काम शक्यतो कोरियन शिक्षकाकडेच राहू द्या. मारणं तर बंदच आहे, पण कान धरणं, बाकावर उभं करणं, वर्गाबाहेर काढणं हेही टाळा. आपल्याकडे ‘बाईंनी धपाटा घातला’ इतक्यावर भागतं. तिथे त्याची रीतसर तक्रार होते.

शाळेतल्या सूचना संगणकावरच्या मेसेंजरवर येतात, आणि त्या कोरियनमध्ये. आग लागल्याचा सराव, डोळे तपासणी, क्रीडादिनाची तालीम, यामुळे दुसऱ्या तासाचा वर्ग पाचव्या तासाला येणार हे सगळ्यांना माहीत असतं, तुम्हाला सोडून. सकाळी आल्याबरोबर त्या सूचना पापागोत टाकून वाचा. आणि पेनड्राइव्हवर एक असा तास कायम तयार ठेवा ज्याला पुस्तक, छापील कागद, इंटरनेट काही लागत नाही.

पालकांकडून भेटवस्तू घेऊ नका. २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या लाचविरोधी कायद्यात शिक्षकही येतात. शिक्षकदिनी, म्हणजे १५ मे रोजी, एखादी मुलगी कॉफीचा कॅन घेऊन आली तर तिने स्वतः लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि कॅन परत द्या.

चाळीस मिनिटं कशी भरायची

इंग्रजी विषय तिसरीपासून सुरू होतो. तिसरी-चौथीला आठवड्याला दोन तास, पाचवी-सहावीला तीन. प्राथमिकचा तास ४० मिनिटांचा. (माध्यमिकला तो ४५ आणि वरच्या शाळेत ५० मिनिटांचा होतो.) पाठ्यपुस्तकासोबत संवाद, गाणी आणि चित्रफिती असलेली डिजिटल आवृत्ती येते आणि एका धड्याला चार ते सहा तास मिळतात.

घडी बसलेल्या तासाची विभागणी साधारण अशी: पहिली तीन मिनिटं वार, तारीख, हवा. पाच मिनिटं मागच्या तासाचे शब्द. सात-आठ मिनिटं पुस्तकातला संवाद, ऐकून आणि बोलून. दहा मिनिटं सराव. बारा मिनिटं खेळ. उरलेली दोन-तीन मिनिटं बाहेर पडण्यासाठी, आणि ती फुकट घालवू नका: दारात उभं राहून प्रत्येकाला त्या दिवसाचा एक प्रश्न विचारा आणि उत्तर दिल्यावरच सोडा. लाजरं मूल दिवसभरात एकच वाक्य बोललं असेल तर ते बहुतेक इथे.

सरावाची पायरी चुकली की वर्ग गप्प होतो. कोरियन मुलांना चारचौघांत चुकण्याची फार धास्ती असते. नवं वाक्य आधी सगळ्यांनी मिळून, मग अर्ध्या-अर्ध्या वर्गाने, मग शेजाऱ्याशी वीस सेकंद, आणि शेवटी एकट्याने. पहिल्याच मिनिटाला बोट दाखवून एकाला उभं केलंत तर तो मान खाली घालेल आणि बाकीचे तुमच्या नजरेतून सुटण्यासाठी पेन्सिल टोकदार करत बसतील. चूक झाली तर थांबवून दुरुस्त करू नका. बरोबर वाक्य सहज स्वतःच्या बोलण्यात परत म्हणा. ‘शी लाइक ॲपल’ असं आलं की ‘ओह, शी लाइक्स ॲपल्स! मी टू,’ आणि पुढे चला.

खेळ फसतात ते बहुतेक नियम सांगताना. तीन वाक्यांत सांगता येत नाही तो खेळ तिसरीसाठी नाही, असं समजा. सांगण्यापेक्षा सहशिक्षकासोबत एक डाव खेळून दाखवा. एक हमखास चालणारा खेळ: शब्दांची किंवा चित्रांची १० ते १२ कार्डं जमिनीवर एका रांगेत मांडा. दोन संघ दोन टोकांना. प्रत्येक संघाचा एक जण आपल्या टोकाकडून प्रत्येक कार्डावर पूर्ण वाक्य म्हणत पुढे सरकतो. दोघे समोरासमोर आले की कावी-बावी-बो, म्हणजे दगड-कागद-कात्री. हरणारा आपल्या रांगेच्या शेवटी जातो, त्याच्या संघाचा पुढचा पहिल्या कार्डापासून निघतो आणि जिंकणारा होता तिथूनच पुढे जातो. दुसऱ्या टोकाला पोचला की एक गुण.

यात बिघडतं काय? चोवीस मुलं आणि एकच रांग असेल तर बावीस नुसती उभी राहतात आणि ढकलाढकली सुरू होते. तीन रांगा मांडा, प्रत्येकीवर आठ मुलं. घाईत मुलं ‘आय वाँट’ गिळून नुसतं ‘पिझ्झा, पिझ्झा’ म्हणत पळतात. म्हणून प्रत्येक रांगेवर एक मूल पंच ठेवा. पूर्ण वाक्य ऐकू आलं नाही तर पंच हात वर करतो आणि खेळणारा एक कार्ड मागे येतो. पंचाचं काम त्या मुलाला द्या ज्याला इंग्रजी सगळ्यात जास्त येतं.

कारण असं मूल प्रत्येक वर्गात असतं. एकाच बाकावर इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत जाऊन आलेली, गोष्टींची पुस्तकं वाचणारी मुलगी आणि बी-डी मध्ये गोंधळणारा मुलगा शेजारी बसतात. त्या मुलीला कंटाळा येतो, त्या मुलाला भीती वाटते. दोन वेगळे तास घेणं शक्य नाही. एकाच कामाचे दोन स्तर करा. बिंगोच्या सोळा चौकटींत ज्याला चित्र काढायचं त्याने चित्र काढावं, ज्याला शब्द लिहायचा त्याने शब्द, आणि ज्याला सोपं जातं त्याने वाक्य.

कावी-बावी-बोचं महत्त्व कमी लेखू नका. आधी कोण, लाल कार्ड कोणाला, शेवटचा स्टिकर कोणाला, सगळी भांडणं त्यावर मिटतात आणि हरलेला निकाल निमूट मानतो. तुम्ही दिलेला निर्णय मात्र दहा मिनिटं वादात राहतो.

बक्षीस म्हणून गोळ्या वाटण्याआधी वर्गशिक्षकांना विचारा. काही वर्गांत खाऊला बंदी असते आणि ॲलर्जीची यादी त्यांच्याकडेच असते. तपासलेल्या वहीवर मुलाचं नाव लाल शाईने लिहू नका. लाल शाईतलं नाव मृत्यूशी जोडलं जातं. चुकांवर लाल खूण चालते, नावावर नाही.

जीभ कुठे अडते

कोरियन लिपीत प्रत्येक अक्षर म्हणजे एक पूर्ण नाद. शब्दाच्या शेवटी काही मोजकीच व्यंजनं येऊ शकतात आणि दोन व्यंजनं सुरुवातीला एकत्र येत नाहीत. त्यामुळे परका शब्द आला की मध्ये-शेवटी स्वर घुसतो. ‘बस’ची ‘बॉसु’ होते, ‘मिल्क’चं ‘मिल्कु’, ‘ऑरेंज’चं ‘ओरेंजी’. हे मुलांचं आळशीपण नसतं. दुकानाच्या पाट्यांवर ते शब्द असेच लिहिलेले असतात.

यावर उपाय टाळ्यांचा. ‘क्रिसमस’ म्हणताना टाळ्या वाजवायला सांगा. मुलं पाच वाजवतील: कु-री-सु-मा-सु. मग तुम्ही दोनच वाजवून म्हणा. ‘स्ट्रॉबेरी’लाही त्यांच्या पाच, तुमच्या तीन. ‘बस’ला त्यांच्या दोन, तुमची एक. दोन-तीन आठवडे प्रत्येक नव्या शब्दाला आधी टाळ्या मोजायच्या हा नेम ठेवला की शेपटीचा स्वर आपोआप गळायला लागतो. ‘उ म्हणू नका’ असं सांगून काही होत नाही.

एफ कोरियनमध्ये नाही, म्हणून ‘फिश’ची ‘पिशी’ आणि ‘कॉफी’ची ‘कॉपी’. मुलांना पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरायला लावा. पी म्हणताना पट्टी एकदम उडते. वरचे दात खालच्या ओठावर ठेवून एफ म्हणताना ती सलग थरथरते. फरक डोळ्यांना दिसतो. हे शिकवण्याआधी स्वतः आरशासमोर उभे राहा, कारण आपल्यातले बरेच जण ‘फ’ दोन्ही ओठ मिटून म्हणतात.

व्हीचं तर आणखी नाजूक आहे. कोरियन मूल त्याचा बी करतं, ‘व्हेरी’चं ‘बेरी’. पण मराठी ‘व’ हा व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधोमध कुठेतरी आहे, आणि आपल्याला तो फरक कानाला जाणवतही नाही. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ तुमच्या तोंडून सारखे आले तर मुलं सारखेच शिकतील. दातांचा व्ही आणि ओठांच्या चंबूचा डब्ल्यू वेगळे करून रोज पाच मिनिटं घोका. तसंच ‘थ’चं. ‘थिंक’ मराठी ‘थ’ने म्हटलं तर कोरियन मुलाला ते टीसारखं ऐकू येतं, जीभ दातांच्या मध्ये हवी, हवा सतत वाहायला हवी. झेडच्या बाबतीत मात्र आपण थोडे सुदैवी: मुलं ‘झू’ला ‘जू’ म्हणतात, आणि आपल्याकडे ‘जहाज’ आणि ‘जीवन’ यांतले दोन ‘ज’ वेगळे असल्याने हा फरक आपल्या कानाला पटकन कळतो.

आर आणि एलसाठी कोरियनमध्ये एकच अक्षर आहे. ‘राइट’ आणि ‘लाइट’ म्हणायला लावण्याआधी ऐकायला शिकवा: आर ऐकला तर उजवा हात, एल ऐकला तर डावा. कान तयार होण्याआधी जीभ तयार होत नाही. एका तासात हे सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मराठी डोक्याचा उपयोग आणि मराठी सवयींचा अडथळा

‘आय ॲपल ईट’ असं मूल म्हणालं की इंग्लंड-अमेरिकेतून आलेला शिक्षक कोड्यात पडतो. तुम्हाला पडायचं कारण नाही: ‘मी सफरचंद खातो’ याच क्रमाने कोरियन वाक्यही चालतं. क्रियापद शेवटी, ‘ला’, ‘त’, ‘हून’ असे प्रत्यय नामाच्या मागे, कर्ता बऱ्याचदा गाळलेला, ‘अ’ आणि ‘द’ नाहीतच. म्हणून मूल कुठे अडखळणार हे तुम्हाला तोंड उघडण्याआधी दिसतं. चार मुलांच्या गळ्यात शब्दांच्या पाट्या घाला, आधी कोरियन क्रमाने उभं करा आणि मग इंग्रजी क्रमाने जागा बदलायला सांगा. क्रियापदाची पाटी घेतलेलं मूल शेवटून उठून मध्ये येतं, ते चित्र लक्षात राहतं.

‘डोंट यू हॅव अ पेन्सिल?’ला कोरियन मूल ‘येस’ म्हणतं, म्हणजे ‘हो, नाहीये’. मराठीतही आपण असंच बोलतो, त्यामुळे फसू नका आणि प्रश्न सरळ विचारा. आणखी एक गंमत: कोरियन ‘ने’ म्हणजे ‘हो’. मराठी कानाला पहिला महिनाभर तो ‘नाही’ वाटतो.

हंगुल लिपी एका आठवड्यात वाचता येते. मुळाक्षरं चोवीस आहेत. पंधराव्या शतकात राजा सेजोंगने ती लोकांना सहज शिकता यावीत अशीच घडवली. कोरियनमधले साधे, ताठर आणि महाप्राण असे तीन क इंग्रजी माणसाला वेगळे ऐकू येत नाहीत. आपल्याला ताठर तो ‘क’, महाप्राण तो ‘ख’, आणि साधा तो शब्दाच्या मध्ये आला की जवळजवळ ‘ग’, असं पकडता येतं.

अडथळा येतो तो आपल्या शाळेतल्या इंग्रजीचा. तिथली पुस्तकं अमेरिकन इंग्रजीची आहेत. खोडरबर म्हणजे ‘इरेझर’, शेवटचं अक्षर ‘झी’, सुट्टी ‘व्हेकेशन’, फुटबॉल ‘सॉकर’, तारीख आधी महिना मग दिवस. तळमजला तिथे पहिला मजला असतो, हेही धड्यात येतं. ‘टुडे मॉर्निंग’ आणि ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ घरी ठेवून या. आणि बोलण्याचा वेग कमी करा.

उलट मुलांच्या तोंडी बसलेले काही इंग्रजी शब्द इंग्रजी नसतात. ‘शार्प’ म्हणजे शिसाची यांत्रिक पेन्सिल, ‘कनिंग’ म्हणजे कॉपी करणं, ‘सर्व्हिस’ म्हणजे फुकट मिळालेली वस्तू, ‘वन-पीस’ म्हणजे फ्रॉक, ‘फायटिंग!’ म्हणजे ‘चल, जमेल तुला!’ हे शब्द चूक म्हणून धुडकावू नका. फळ्यावर दोन रकाने करा: कोरियात काय म्हणतात, बाहेर काय म्हणतात.

मुलं काय विचारतील

वय किती, लग्न झालं का, गर्लफ्रेंड आहे का. पहिल्याच तासाला. यात आगाऊपणा कमी आणि भाषेची गरज जास्त आहे. वयावरून बोलण्याची रीत ठरते. उत्तर द्यायचं नसेल तर त्याचाच खेळ करा: फळ्यावर स्वतःबद्दल चार वाक्यं लिहा, एक खोटं, ओळखा पाहू.

‘आयम इंडियन’ असं म्हणू नका. ‘इंदियन’ म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे पिसांचा मुकुट घातलेले अमेरिकेतले आदिवासी येतात. हरलेल्याच्या पाठीवर थापट्या मारायच्या एका शिक्षेचं नावही त्यावरूनच पडलंय. ‘आयम फ्रॉम इंडिया’ म्हणा आणि नकाशावर ‘इंदो’ दाखवा. इंदो म्हणजे पदपथसुद्धा, त्यामुळे वर्गात एक जण हा विनोद करणारच. नकाशावर मुंबई, लोकल, पावसातला घाट, क्रिकेट अशी चार-पाच चित्रं दाखवून ‘कॅन यू...?’ आणि ‘डू यू लाइक...?’चे प्रश्न विचारता येतात. ओळखीचा तास म्हणजे स्वतःचं भाषण नव्हे.

मुलं तुम्हाला नावाने हाक मारणार नाहीत, ‘टीचर!’ म्हणतील. सॉन्सेंग्निम या शब्दाचं ते भाषांतर आहे आणि त्यात आपल्या ‘सर’, ‘बाई’ इतकाच मान आहे. ‘माझं नाव घ्या’ असा आग्रह धरू नका.

जेवण

शाळेचं जेवण म्हणजे कुपशिक: भात, सूप, किमची, दोन-तीन पदार्थ. पैसे पगारातून कापले जातात. मांसाहार करणाऱ्यांना हे रोजचं उत्तम जेवण आहे. शाकाहारी माणसाने मात्र महिन्याचा छापील मेनू हातात आल्यावर पदार्थांपुढचे बारीक आकडे वाचायला शिकावं. ते ॲलर्जीचे क्रमांक आहेत आणि देशभर सारखे. १ अंडं, २ दूध, ७ बांगडा, ८ खेकडा, ९ कोळंबी, १० डुकराचं मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकूळ, १८ शिंपल्या. ५ सोयाबीन आणि ६ गहू यांना घाबरू नका.

या यादीत एक भोक आहे. म्योलछी, म्हणजे सुकी बारीक मासळी, त्यात नाही. आणि सुपाचा रस्सा बहुतेक वेळा तिचाच असतो. त्यामुळे आकडे स्वच्छ दिसले तरी सूप शाकाहारी असेलच असं नाही. किमचीतही खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क घालतात. कडक शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगून कुपशिकमधून नाव काढा, घरून डबा आणा, पण बसा सगळ्यांसोबत. वेगळं बसून खाणं तिथे डोळ्यांत भरतं. बाहेर खाताना ‘कोगी पे जुसेयो’ म्हणजे मांस काढून द्या. हॅम हे मांसात धरलं जाईलच असं नाही, ते वेगळं सांगा.

डाळी, आटा, मसाले सोलच्या इतेवॉनमध्ये किंवा आन्सानमध्ये मिळतात, आणि कार्ड आल्यावर ऑनलाइन घरपोच. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणाऱ्या तळाचा न्या.

कचऱ्याची तेवढी शिस्त लावून घ्या. पुनर्वापरात न जाणारा साधा कचरा त्या-त्या प्रभागाच्या ठरावीक विकतच्या पिशवीतच टाकायचा. शेजारच्या प्रभागाची पिशवी चालत नाही. ओल्या कचऱ्याचा निकष जनावराला खायला चालेल का हा आहे. त्यामुळे कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय आणि चहाचा चोथा ओल्यात जात नाही, साध्या कचऱ्यात जातो. मराठी स्वयंपाकघरात नेमकं हेच जास्त निघतं.

सुट्टी आणि फेब्रुवारी

जुलैच्या शेवटी आणि हिवाळ्यात मुलांना सुट्टी लागते, तुम्हाला लागतेच असं नाही. इंग्रजीचं शिबिर घ्यावं लागतं, एक ते दोन आठवडे, रोज तीन-चार तास, आणि त्याला पुस्तक नसतं. एकच विषय घेऊन पाच दिवस बांधा, उदाहरणार्थ दुकान: पहिल्या दिवशी नाव आणि पाटी, दुसऱ्या दिवशी किमती, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक-दुकानदार संवाद, चौथ्या दिवशी जाहिरात, पाचव्या दिवशी खोट्या नोटांचा बाजार. साहित्याची यादी किमान तीन आठवडे आधी द्या. शाळेची खरेदी मंजुरीतून जाते आणि आदल्या दिवशी मागितलेला रंगीत कागद शिबिर संपल्यावर येतो. शिबिर नसलेल्या दिवशी रिकाम्या, गार इमारतीत एकटं बसायची वेळ येऊ शकते. गरम कपडे, डबा आणि पुढच्या सत्राची तयारी सोबत ठेवा, कारण मुलं नसताना वर्गातलं हीटिंग बंद असतं.

सरकारी शिक्षकांच्या बदल्या दर काही वर्षांनी होतात आणि त्या फेब्रुवारीत जाहीर होतात. तुमचा सहशिक्षक जाऊ शकतो आणि ते तुम्हाला शेवटच्या आठवड्यात कळतं. तो जाण्याआधी त्याच्याकडून वर्गांच्या याद्या, डिजिटल पुस्तकाचा पासवर्ड, इंग्रजीच्या खोलीची किल्ली आणि घराच्या भाडेकराराची प्रत मागून घ्या. गॅस कंपनीचा आणि घरमालकाचा नंबरही. आतापर्यंत ते फोन तुमच्या वतीने तोच करत होता.